चार टायर, वीस मिली

खंडेनवमीच्या दिवशी वॉशिंग सेंटरच्या मालकाला फोन करू नये. तो उचलत नाही, आणि उचललाच तर ‘दादा, आज नाही हो जमणार, परवा घेऊन या’ म्हणून ठेवून देतो. पुण्यात नवले पुलापासून वारजे, बाणेर करत वाकडपर्यंत बायपासच्या कडेने वॉशिंगची आणि डिटेलिंगची जी दुकानं आहेत, त्यांच्यासमोरची रांग त्या दिवशी सर्व्हिस रोडवर येते. दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घालायचा म्हणजे गाडी धुतलेली हवी. ती धुतली की नाही हे लोक ओळखतात टायरवरून. बॉनेटवर पाण्याचा एखादा डाग राहिला तर खपून जातो. टायर करडे राहिले की गिऱ्हाईक चाकापाशी उभं राहून विचारतं, ‘धुतली ना नक्की?’

म्हणून पाऊण तासाच्या कामात शेवटच्या पाच मिनिटांचं टायर पॉलिश हे साऱ्या कामाचं तोंड होऊन बसलंय. तीनशे-चारशे रुपयांच्या साध्या वॉशला ते लागतं, आणि हजारो रुपयांच्या सिरॅमिक कोटिंगच्या गाडीलाही चावी देण्याआधी तेच लागतं. सिरॅमिकची बाटली मालक कुलपात ठेवतो, तिचा थेंब न् थेंब त्याच्या देखत वापरला जातो. टायर पॉलिशचा पाच लिटरचा कॅन मात्र नळाशेजारी उघडा पडलेला असतो, आणि कोणी किती घेतलं हे कोणी विचारत नाही. माझ्या मते या धंद्यातला सगळ्यात मोठा चोर खड्डा तिथे आहे. तो बुजवायला महागडं काही लागत नाही, आणि बुजवला की काम स्वस्त तर होतंच, वर चांगलंही होतं.

*

टायर मुळात काळा नव्हता. नैसर्गिक रबर फिकट, दुधी-पिवळसर असतं. त्यात झिंक ऑक्साइड घालत, ते पांढरं. १८९८ साली मिशेलिन कंपनीने टायरच्या चवडीतून जो गुबगुबीत माणूस घडवला तो पांढरा आहे, कारण त्या काळचे टायर फिकटच होते. पुढे रबरात काजळी, म्हणजे कार्बन ब्लॅक, मिसळली तर ते कितीतरी जास्त टिकतं हे लंडनजवळच्या सिल्व्हरटाउनच्या कारखान्यात लक्षात आलं. १९१० च्या सुमारास अमेरिकेतल्या गुडरिच कंपनीने ते उचललं. त्यांना काजळी पुरवणारी बिनी अँड स्मिथ ही कंपनी क्रेयोला नावाचे मुलांचे रंगखडूही बनवत होती. आज मोटारीच्या टायरच्या वजनात साधारण पाचवा ते चौथा हिस्सा काजळीच असते. तिच्यामुळे रबर झिजायला वेळ लागतो, आणि उन्हातले अतिनील किरणही तीच शोषून घेते.

हे सांगायचं कारण असं की पॉलिशच्या बाटलीवर ‘टायरला उन्हापासून संरक्षण’ असं मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं. ते काम काजळी आधीच करत असते. ‘रबराला पोषण’ हीदेखील विक्रीची भाषा. रबर काही पीत नाही. पॉलिशने होतं ते एवढंच, की टायरच्या बाजूवरचे बारीक खड्डे आणि ओरखडे एका पातळ थराने भरले जातात. कोरड्या खडबडीत पृष्ठभागावरून उजेड सगळीकडे विखुरतो, म्हणून तो करडा दिसतो; खड्डे भरले की विखुरणं थांबतं आणि आतला काळा दिसू लागतो. पावसाची पहिली सर पडल्यावर डांबरी रस्ता काळा होतो तो याच कारणाने. म्हणजे लागतो फक्त खड्डे भरण्यापुरता थर. त्यावर जे जास्तीचं ओतलं जातं ते टायरच्या कामाला येत नाही. ते मडगार्डवर उडतं, जमिनीवर गळतं किंवा धूळ धरतं.

*

टायर धुतल्यावर जो तपकिरी ओघळ येतो त्याला सगळे चिखल समजतात. चिखल असतोच, पण तपकिरी रंग बराचसा टायरच्या पोटातला असतो. हवेतल्या ओझोनने रबराला भेगा पडतात. त्या पडू नयेत म्हणून कारखान्यातच रबरात मेण आणि एक रसायन मिसळतात. त्या कुळातलं सगळ्यात जास्त वापरलं जाणारं म्हणजे सिक्स-पीपीडी. टायर फिरतो, बाजू वाकते-ताणते, आणि हे पदार्थ हळूहळू वर येत राहतात. वर येऊन ओझोनशी आधी तेच भिडतात, आणि त्यात तपकिरी होतात. सोसायटीच्या पार्किंगमध्ये वर्षभर न हललेल्या गाडीच्या टायरला लवकर भेगा पडतात त्याचं एक कारण हे, की बाजू वाकतच नाही, मग मेण वर यायचं कसं?

या रसायनाची दुसरी बाजूही आहे. ओझोनशी संयोग झाल्यावर त्यातून जे तयार होतं ते कोहो जातीच्या सामन माशाला अत्यंत विषारी असल्याचं अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या संशोधकांनी २०२० च्या डिसेंबरात ‘सायन्स’ नियतकालिकात दाखवून दिलं. सगळ्या माशांवर त्याचा सारखा परिणाम होत नाही. तरी वॉशिंग सेंटरचं पाणी थेट ओढ्यात सोडणाऱ्यांनी हे वाचून ठेवायला हरकत नाही.

कामापुरतं बोलायचं तर हा तपकिरी थर निघाल्याशिवाय पॉलिश लावणं म्हणजे पैसे मातीवर ओतणं. थरावर लावलेलं पॉलिश थराबरोबरच निघून येतं, आणि मधल्या काळात टायर काळपट-तांबूस, चिकट दिसतो. वारज्याजवळच्या एका दुकानात नांदेडकडून आलेला एक पोरगा फक्त चाकं करतो. बाकी गाडीला तो हात लावत नाही. एका बादलीत क्लीनर घातलेलं पाणी, आखूड आणि ताठ केसांचा ब्रश, बसायला पाटासारखं चाकं लावलेलं स्टूल. प्रेशरची गन तो आधी घेत नाही. कोरड्या टायरवर क्लीनर मारतो, ब्रश गोल न फिरवता अक्षरांच्या दिशेने आडवा-उभा नेतो. पहिल्यांदा येणारा फेस चहाच्या रंगाचा असतो. धुतो, परत मारतो. दुसरा फेस फिका. तिसऱ्यांदा पांढरा आला की उठतो. ‘साहेब, फेस पांढरा होईस्तोवर पॉलिशच्या डब्याला हातच लावायचा नाही,’ असा त्याचा नियम. नेहमी येणाऱ्या गाडीला एकाच फेरीत भागतं.

यात एक गोष्ट मालकांच्या ध्यानात येत नाही. जुनं पॉलिश नीट काढलं असेल तर नवं अर्ध्यात पुरतं, कारण ते सगळीकडे सारखं पसरतं. मळक्या टायरवर ते कुठे धरतं, कुठे धरत नाही; मग पोरगा धरत नाही तिथे आणखी ओततो. ब्रशची दोन मिनिटं वाचवायला जाऊन पॉलिशचे पैसे दुप्पट होतात.

धुतल्यावर टायर सुकायला हवा. अक्षरांच्या खाचेत आणि रिमच्या कडेला पाणी राहतं. त्यावर पॉलिश गेलं की दुधाळ ओघळ तयार होतो, आणि दुकानातून निघाल्यावर तो रिमवर उतरतो. गाडीच्या अंगाला हवा मारतातच, तेव्हाच चार झटके टायरच्या कडेला मारले की झालं. कॉम्प्रेसर चालूच असतो.

*

आता मालाबद्दल. बाजारात शेकड्याने नावं आहेत, पण जाती तीनच. पहिली पेट्रोलियमच्या पातळ द्रावकात विरघळवलेलं सिलिकॉन. चकाकी भरपूर, पावसातही टिकतं. पण वास उग्र, आग धरणारं, आणि द्रावक दर आठवड्याला लागत राहिला तर रबरातलं संरक्षक मेण ओढून काढतो. दुसरी जात पाण्यातल्या सिलिकॉन इमल्शनची. दिसायला पातळ दुधासारखं. यात पाणी घालून हवी तेवढी चमक ठरवता येते, हात साध्या साबणाने निघतात. तिसरी ग्लिसरीनची. सगळ्यात स्वस्त, ताजं असताना छान दिसतं, पहिल्या पावसात धुऊन जातं आणि तोवर रस्त्यावरची सगळी धूळ गोळा करतं.

चौथीही एक जात आहे, पण तिला पॉलिश म्हणू नये: डिझेल, रॉकेल, जळकं इंजिन ऑइल, कधी खोबरेल तेल. जुन्या सर्व्हिस स्टेशनवर गाडी धुतली की खालून आणि टायरवर डिझेलचा फवारा मारायची पद्धत होती, आणि हायवेच्या कडेला ती अजून पूर्ण गेलेली नाही. खनिज तेलाने रबर फुगतं आणि मऊ पडतं. टायरचा कारखाना ज्या तेलापासून टायर जपायला सांगतो तेच आपण हौसेने त्याला चोपडतो. यात काटकसर काहीच नाही. पन्नास रुपये वाचवून काही हजारांचा टायर खराब करायचा.

सिलिकॉनची एक गंमत सांगायलाच हवी. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला फ्रेडरिक किपिंग या रसायनशास्त्रज्ञाने आयुष्याची चाळीसेक वर्षं सिलिकॉनच्या संयुगांवर घालवली, आणि १९३७ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानात या शाखेतून लवकर काही मोठं निघेल अशी फारशी आशा नाही, असं सांगून ठेवलं. १९४३ मध्ये डाऊ कॉर्निंग कंपनी निघाली ती त्याच संयुगांचा धंदा करायला. युद्धातल्या विमानांसाठी लागलेलं सिलिकॉन आता खंडेनवमीला गाड्यांच्या टायरवर लागतं.

मुंबईत मशीद बंदराजवळ वडगादीच्या केमिकल बाजारात हेच इमल्शन सुटं मिळतं. कापडाला मऊपणा आणायला आणि साच्यातून माल सोडवायलाही ते वापरतात, त्यामुळे टायरचं नाव घेतलं नाही तरी चालतं. साधारणतः ३५ टक्के आणि ६० टक्के अशा दोन ताकदींत येतं. साठ टक्क्यांच्या एक किलोत दोन किलो पाणी घातलं की वीस टक्क्यांचं तीन किलो पॉलिश होतं, हे गणित धंद्यातल्या पुष्कळांना पाठ आहे. मी त्याच्या विरुद्ध नाही, पण दोन अडचणी आहेत. बोअरचं जड पाणी घातलं की काही माल फुटतो, वर साय धरते आणि टायरवर ठिपके उमटतात. आणि पाणी घातलेलं मिश्रण उन्हाळ्यात फार दिवस ठेवलं तर त्याला वास मारायला लागतो. आठवड्याला लागेल तेवढंच फिल्टरच्या पाण्यात कालवावं आणि बाटलीवर तारीख घालावी. ज्याला हे जमणार नाही त्याने सरळ तयार माल घ्यावा.

*

आता पैशांचा हिशेब. आकडे सोयीसाठी धरतो. ज्याने त्याने आपल्या बिलावरचे घालून बघावेत.

पाच लिटरचा कॅन पंधराशे रुपयांना पडला असं धरू. म्हणजे एक मिली तीस पैशांना. स्प्रेच्या बाटलीचा चाप एकदा दाबला की साधारण एक मिली माल निघतो. घाईत असलेला पोरगा बाटली टायरकडे रोखून बारा-तेरा वेळा चाप दाबतो. त्यातलं निम्मं टायरवर बसतं. उरलेलं रिमवर, मडगार्डच्या आत आणि जमिनीवर. दुकानातल्या फरशीवर जी बुळबुळीत वर्तुळं दिसतात ती याची. चार टायरचे पन्नास मिली, पंधरा रुपये.

तोच पोरगा स्पंजावर चार-पाच वेळा चाप दाबून टायरला लावू लागला तर एका टायरला पाच मिली पुरतात. चार टायर, वीस मिली. त्यात माल पाण्यात निम्मा केलेला असेल तर एका गाडीचे तीन रुपये. गाडीमागे बारा रुपये वाचले. दिवसाला पंचवीस गाड्या, महिन्याला सव्वीस दिवस, म्हणजे ७,८०० रुपये. लहान दुकानाच्या लाइटबिलाला हातभार लागेल एवढी रक्कम आहे ही, आणि ती फरशीवर सांडत असते.

एवढं सांगितलं की मालक विचारतात, ‘पण वेळ?’ प्रश्न रास्त आहे. पंधरा हजार पगाराचा माणूस सव्वीस दिवस, नऊ तास काम करतो, तर त्याचं एक मिनिट एक रुपयाच्या थोडं वर पडतं. बारा रुपये वाचवायला बारा मिनिटं जास्त लागली तर हाती काय राहिलं? तेव्हा खरी मेख वेगात आहे, आणि वेग येतो तो स्पंजाच्या आकारातून आणि फेरीच्या क्रमातून.

स्पंज गादीवाल्याकडचा चालतो, घट्ट विणीचा. तळहाताएवढा तुकडा कापायचा आणि त्याला टायरच्या बाजूला बसेल अशी आतून गोलाई द्यायची. पातळ, चपट्या तुकड्याने बोटं रिमला लागतात आणि मग रिम पुसत बसावं लागतं. टायरच्या उठावाच्या अक्षरांनी स्पंज फाटतो, म्हणून तो कोपऱ्यावर न धरता सपाट धरायचा. मडगार्डच्या ओठाखाली लपलेल्या वरच्या भागाला दांडीचा मऊ ब्रश लागतो. तिथे हात घालणारे कोपर खरचटून घेतात.

नवा स्पंज पहिल्या दिवशी भरपूर माल पितो. तो संध्याकाळी धुतला की प्यालेलं सगळं गटारात, आणि उघडा ठेवला की सकाळी कडक. झाकणाच्या डब्यात ठेवला तर दुसऱ्या दिवशी पहिल्या दोन गाड्यांना नवा माल जवळजवळ लागतच नाही. वारज्याच्या त्या दुकानात यासाठी श्रीखंडाचे अर्धा किलोचे रिकामे डबे आहेत, एक पाण्याच्या मालाला आणि एक द्रावकाच्या, झाकणावर मार्करने खूण केलेले. दोन मालांचे स्पंज एकत्र झाले की पाण्याचा माल फुटतो.

आता क्रम. पॉलिश शेवटी लावायचं ही सगळ्यांची सवय, आणि वेळ जातो तो तिथेच: शेवटी लावलं, गिऱ्हाईक उभं, सुकायला वेळ नाही, ओलाच टायर रस्त्यावर. त्याऐवजी अंग कोरडं केल्याबरोबर, व्हॅक्यूमच्या आधी लावावं. ड्रायव्हरच्या बाजूच्या पुढच्या चाकापासून सुरुवात करून एकच प्रदक्षिणा. मागे येणं नाही, बाटली खाली ठेवणं नाही. हात बसला की चार चाकं तीन मिनिटांत होतात. मग आतला व्हॅक्यूम, डॅशबोर्ड, काचा. तेवढ्या दहा-पंधरा मिनिटांत माल रबरावर बसतो. शेवटी मळकं झालेलं, फेकायच्या वाटेवरचं मायक्रोफायबर फडकं चारही टायरवरून एकदा फिरवायचं. जास्तीचं निघून जातं, ओघळ मोडतात, चमक एकसारखी होते. हे एक मिनिटाचं काम आहे, आणि नेमकं तेच टाळलं जातं. मडगार्डच्या मागे दाराच्या खालच्या पट्टीवर तिरकी काळी ठिपक्यांची रांग दिसते ना, ती न पुसलेल्या टायरने पहिल्या किलोमीटरात उडवलेली असते. पांढऱ्या गाडीचा मालक ती घेऊन परत येतो, आणि मग एक माणूस पंधरा मिनिटं अडकतो. पॉलिशच्या खर्चात ही पंधरा मिनिटंही धरायला हवीत. ती कुणी धरत नाही.

जमिनीला टेकलेला टायरचा तुकडाही राहून जातो. त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही. धुण्याच्या जागेवरून गाडी पुसण्याच्या जागी हलतेच. तिथे थांबली की राहिलेला भाग वर आलेला असतो. फडकं मारतानाच तिथे स्पंज टेकवायचा.

अमेरिकेत साखळीवर गाडी सरकत जाते त्या धुलाईच्या बोगद्यांत टायर पॉलिशचीही यंत्रं असतात. चाक पुढे सरकताना फिरता ब्रश नाहीतर फोम टायरला घासत जातो आणि माल मोजून सुटतो. तिथल्या मालकांच्या तोंडी प्रत्येक रसायनाचा गाडीमागचा खर्च असतो. आपल्याकडे यंत्र नको, पण तो आकडा तोंडी यायला पैसे पडत नाहीत. कॅनवर उघडल्याची तारीख लिहायची, संपल्यावर मधल्या गाड्यांनी भागायचं. बस्स.

जुन्या गाड्यांच्या यार्डात, जिथे एका ओळीत शंभर टायर असतात, तिथे हवेची गन वापरतात. झपाट्याने होतं हे खरं. पण अलॉय रिमच्या फटीतून तो धुरळा थेट ब्रेकच्या डिस्कवर जातो. सिलिकॉन ब्रेकवर बसलं तर काय होईल हे सांगायला नको. मला गन पटत नाही, यार्डात उभ्या गाड्यांसाठीसुद्धा नाही. त्या गाड्या कुणीतरी चालवून बघणारच असतं.

ज्या गॅरेजात डेंटिंग-पेंटिंग चालतं तिथे सिलिकॉनचं टायर पॉलिश आतच आणू नये. हवेत उडालेला कण ताज्या रंगाखाली गेला की रंग त्या जागेवरून सरकतो आणि गोल खड्डा पडतो. पेंटर त्याला ‘फिश आय’ म्हणतात. एका फवाऱ्यापायी अख्खं बॉनेट परत घासावं लागतं. सिलिकॉन नसलेलं पॉलिश वेगळं मिळतं, थोडं महाग; तिथे तेच स्वस्त.

*

पुण्यात हे लिहिताना दुचाकीबद्दल बोललं नाही तर लेख अपुरा राहील. दुचाकीच्या टायरला पॉलिश लावू नये. कुठलंही, कितीही पातळ. मोटारीचा टायर रस्त्याला टेकतो तो सपाट नक्षीवर. बाजू रस्त्याला लागत नाही. दुचाकी वळणावर कलते, आणि कलली की रस्त्याला लागतो तो नेमका कडेचा भाग, जिथे पॉलिश ओघळून आलेलं असतं. अनेक वॉशिंग सेंटरवर स्कूटर धुतली की सवयीने तोच स्पंज तिच्या चाकावर फिरतो, ‘फुकट मारून दिलं’ म्हणून. काही ठिकाणी नक्षीवरसुद्धा. मालकाने पोरांना हे एकदा रागावून सांगावं. एवढ्या एका गोष्टीसाठी रागावलेलं चालेल.

मोटारीतही नक्षीला थेंब लागू द्यायचा नाही. लागला तर फडक्याने पुसायचा आणि गाडी देताना सांगायचं, की पहिले दोन-तीन किलोमीटर ब्रेक हलक्या पायाने लावा.

चाकं करणाऱ्या माणसाकडे आणखी एक गोष्ट असते जिची किंमत कुणी करत नाही: तो टायरपासून हातभर अंतरावर बसलेला असतो. मालक, गिऱ्हाईक, मेकॅनिक कुणीच इतक्या जवळून टायर बघत नाही. बाजूला आलेला फुगा, कडेची भेग, नक्षीत रुतलेला खिळा, झिजून निशाणीला टेकलेला टायर त्यालाच आधी दिसतो. मोटारीच्या टायरच्या खाचांत दीड मिलिमीटरच्या थोडं वर, नेमकं सांगायचं तर १.६ मिलिमीटर उंचीच्या आडव्या पट्ट्या असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर गोटा झाला. बाजूवर चार आकडी खूण असते: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. पूर्ण खूण टायरच्या एकाच बाजूला असते, त्यामुळे कधी ती आतल्या अंगाला जाते. मुंबई–नागपूर समृद्धी महामार्ग २०२५ च्या जूनमध्ये पूर्ण खुला झाला; ७०१ किलोमीटरचा सलग, वेगाचा रस्ता. त्यावर टायर फुटून झालेल्या अपघातांनी टायरच्या वयाची चर्चा घराघरांत पोचवली. ज्याने चाक घासताना भेग पाहिली त्याने ती बिलावर एका ओळीत लिहून दिली, तर गिऱ्हाईक पुढच्या वेळी दुसऱ्या दुकानात जाणार नाही.

उलटही घडतं. जुन्या गाड्यांच्या बाजारात टायर इतके काळे करतात की भेगा भरून निघतात. गाडी घ्यायला गेलात आणि टायर आरशासारखे दिसले, तर आधी ओल्या फडक्याने एक टायर पुसायला सांगा. विकणारा कां-कूं करू लागला तर गाडी बघू नका.

*

चकाकीचं वेड गिऱ्हाइकाचं की दुकानदाराचं, यावर बाणेरच्या एका मालकाशी बराच वाद झाला. त्याचं म्हणणं, ‘ओ साहेब, मॅट मारलं की लोक म्हणतात पॉलिशच नाही केलं. चमकवून दिलं की दहाची टिप मिळते पोराला.’ खोटं नाही. पण तीच ओली चकाकी दुसऱ्या दिवशी धुळीने करडी होते, विशेषतः मेट्रोची किंवा रस्त्याची कामं चालू असतात तिथे. नव्या गाडीचा टायर शोरूममधून येतो तो मंद काळा असतो, चकचकीत नसतो, हे गिऱ्हाइकाला दाखवून दिलं तर बहुतेकांना पटतं. एका बाजूचा पुढचा टायर चकचकीत आणि मागचा मंद करून ठेवा आणि त्यालाच निवडू द्या. पुष्कळदा मागचा निवडतात, आणि त्याला माल कमी लागतो.

पावसाळ्यात तर मला वाटतं पाण्याच्या पॉलिशचे वेगळे पैसे घेऊच नयेत. जून ते सप्टेंबर ते संध्याकाळपर्यंतसुद्धा राहत नाही. स्वच्छ घासून द्यावं आणि तसं सांगावं.

पाण्याचंही भान ठेवायला हवं. २०२४ च्या मार्चमध्ये बेंगळुरूमध्ये पिण्याच्या पाण्याने गाडी धुतली तर ५,००० रुपये दंड लागला. आपल्याकडे धरणं तळाला गेली की सर्वांत आधी वॉशिंग सेंटरकडेच बोट दाखवतात. टायर घासायला प्रेशरचा पंप लागत नाही, बादली आणि ब्रश पुरतो. पंप शेवटी, एकदाच.

आता तुम्ही गाडी आणायला जाल तेव्हा एक करा. पैसे देण्याआधी चाकापाशी वाका आणि टायरच्या बाजूवर बोट फिरवा. बोट कोरडं आणि जेमतेम काळं झालं तर काम चांगलं झालंय, पोराला टिप द्या. बोट ओलं, तेलकट निघालं तर फडकं मागून घ्या, चारही टायर स्वतःच पुसा आणि मगच गाडी रस्त्यावर काढा. बरोबर स्कूटरही धुवायला दिली असेल, तर देतानाच सांगा: हिच्या टायरला पॉलिश नको.